आबांचा दवाखाना बंद करताना

आबा गेले त्या पहाटे आमच्या घरात सगळ्यात आधी अडलं ते कागदावर. माणूस घरीच वारला की शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरनं त्याला पाहिलं त्यानंच मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा असतो. त्याला नमुना ४-अ म्हणतात. दवाखान्यात भरती असताना गेला तर नमुना ४. नागपूरच्या गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली ह्या भागात हा ४-अ पिढ्यानपिढ्या आबाच लिहीत आले होते. रात्री दोनला कोणी दार वाजवलं की आजी अंथरुणातूनच सांगायची, कोण आलं असेल ते. पोट दुखणाऱ्याचे लोक दार बडवतात, माणूस गेलेल्या घरचे हळू वाजवतात.

आता आबांचा ४-अ कोण लिहिणार? आबांनी स्वतःची तब्येत कधी कोणाला दाखवलीच नाही, अशी आम्हा सगळ्यांची पक्की समजूत होती. कंपाउंडर काका आले, त्यांनी बाबांना बाजूला घेतलं आणि एक फोन लावला. अर्ध्या तासात एक तरुण डॉक्टरीणबाई स्कूटीवरून आल्या. ह्यांच्याकडे आबा गेली दोनेक वर्षं जात होते, घरी न सांगता. त्यांचे वडील पॉवरलूमवर कामाला होते, त्या स्वतः मेयोला, म्हणजे इथल्याच सरकारी मेडिकल कॉलेजात, शिकल्या आणि लहानपणी त्यांचे गोवर-कांजिण्या आबांनीच पाहिले होते. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, स्टेथो लावून बराच वेळ ऐकलं आणि मग लिहायला बसल्या. ‘हृदयक्रिया बंद पडून’ असं त्यांनी लिहिलं नाही. ते मरणाचं कारण नसतं, मरताना प्रत्येकाचं हृदय बंद पडतंच, हे आबांचं ठरलेलं वाक्य मी जेवताना शंभरदा ऐकलेलं. बाईंनी आधी हृदयविकार, त्याच्याखाली त्याच्या मागचा जुना रक्तदाब, असं ओळीनं लिहिलं. बाबांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. “काका, ह्याचे पैसे घेता येत नाहीत,” त्या म्हणाल्या, “जन्ममृत्यू नोंदणीच्या कायद्यातच आहे, १९६९च्या. मला हे डॉक्टरसाहेबांनीच सांगितलं.”

गंगाबाई घाटावर गर्दी होती. त्याविषयी लिहीत नाही. गर्दी सगळ्याच चांगल्या डॉक्टरांच्या मागे असते.

दवाखान्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मी एका कर सल्लागाराकडे नोकरी करते आणि ‘कागदाचं तिला कळतं’ असं घरात मानलं जातं. माझे सख्खे काका पुण्याला, बाबा बँकेतून निवृत्त आणि गुडघ्यांनी बेजार. घरात दुसरा डॉक्टर कोणी झालाच नाही. मला वाटलं होतं, भाड्याची एक खोली, दोन कपाटं, एक तपासणीचा पलंग, आठवड्याभरात आटपेल. उन्हाळा त्यातच गेला.

पहिल्या दिवशी मी दारावर कागद चिकटवला: डॉक्टर निवर्तले, दवाखाना बंद आहे. लोक कागदाखालूनच आत येत. “डॉक्टरसाहेब केव्हा येतीन जी?” असं विचारत आणि मी सांगितल्यावर बाकावर बसून राहत. काही जण तर गेल्याचं ठाऊक असूनही आले होते. कंपाउंडर काकांनी मला कपाटाला हात लावू दिला नाही. म्हणाले, “आधी यादी करू.” मला वाटलं सामानाची. ते म्हणाले, “सामान कुठं पळते का? ज्यायची दवा थांबली नाही पाह्यजे त्यायची यादी.”

हे मला कधीच सुचलं नसतं. त्यांनी पाठकोऱ्या कॅलेंडरावर आठवून आठवून लिहिलं. मिरगीची औषधं घेणारे आधी, कारण ती एकदम थांबली की झटके उसळून येतात. मग इन्सुलिनवाले. मग दम्यासाठी किंवा संधिवातासाठी बरीच वर्षं स्टिरॉइडची गोळी घेणारे. ती गोळी अचानक तोडली तर माणूस कोसळू शकतो, कारण शरीरानं स्वतःचं बनवणं सोडून दिलेलं असतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचे दोघं. टीबीचे तिघं, अर्धा कोर्स झालेले, मधेच सोडला तर पुढे औषधच लागू न पडण्याची भीती. आणि सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराची पोरं. ही यादी घेऊन काका सायकलवर आणि मी गाडीवर, घरोघर गेलो. प्रत्येकाला सध्याच्या औषधाची चिठ्ठी आणि डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलून काका उन्हात फिरत होते हे मला फार नंतर कळलं.

आबा मेडिकलला शिकले ते पन्नासच्या दशकाच्या शेवटी. तेव्हा शहर मध्य प्रदेशातून निघून आधी मुंबई राज्यात आणि मग १९६० साली महाराष्ट्रात आलं. दवाखाना टाकला तो गोळीबार चौकाजवळ, कारण तिथे भाडं कमी आणि आजार जास्त, असं ते सांगत. आजूबाजूला कोष्ट्यांची घरं, घरोघर माग. एम्प्रेस मिलचे कामगार यायचे. ही मिल १८७७पासूनची. छाती भरून येते म्हणणाऱ्या कामगाराला आबांचा पहिला प्रश्न औषधाचा नसायचा. “सुटीनंतर पहिल्या दिवशी जास्त होते का?” हाव म्हटलं की ते मान हलवायचे. कापसाच्या धुळीनं जडणाऱ्या दम्याची ती खूण आहे, सुटी संपवून कामावर परतलं की छाती आवळते. नुसतं मिक्श्चर देऊन परत पाठवण्यापेक्षा अशा माणसाला कार्डिंगच्या, म्हणजे कापूस पिंजायच्या, खात्यातून दुसरीकडे हलवा, अशी चिठ्ठी ते लिहून द्यायचे. काहींचं खातं बदललं, बऱ्याच जणांचं नाही. मिल बंद पडल्यावर तेच लोक रिक्षा चालवू लागले आणि आबांच्या उन्हाळ्याच्या दुपारी भरल्या.

नागपूरचा मे महिना कोणाला सांगायला नको. २३ मे २०१३ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या आठवड्यात आबा दुपारी घरी आलेच नाहीत. घाम थांबलेला, बडबड करणारा माणूस आणला की आधी कपडे काढून ओली चादर, पंखा, काखेत नि जांघेत बर्फ. गोळी मागणाऱ्या नातेवाइकांवर ओरडायचे. उष्माघाताच्या तापाला पॅरासिटामॉल काही करत नाही, हे त्यांना दिवसातून दहादा सांगावं लागे. एरवी तीन वाजता लूनावरून, बॅग पायांत धरून यायचे आणि कूलरसमोर जमिनीवर आडवे व्हायचे. त्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचा हक्क वयानं सगळ्यात लहान नातवंडाचा होता. माझ्याकडे तो चार वर्षं होता.

आता कपाटं. औषधं उन्हात नासतात, त्यामुळे ती आधी. तारीख उलटलेल्या गोळ्या, कंपन्यांच्या माणसांनी दिलेले नमुने, अर्धवट मलमं, सुया. हे घंटागाडीत टाकायचं नसतं. २०१६च्या नियमांप्रमाणे जैववैद्यकीय कचऱ्याला रंग ठरलेले आहेत: कालबाह्य औषधं आणि रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या सिरिंज आणि नळ्या लालमध्ये, सुया नि ब्लेड पांढऱ्या न भोकसल्या जाणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. आबांची नोंदणी होती, कचरा नेणारी गाडीही ठरलेली होती, पण ती न्यायची ती रोजची पिशवीभर. आमचा ढीग पाहून त्या माणसानं कपाळावर हात मारला. वजन, पावती, बारकोड, पुन्हा फोन. ज्या गोळ्यांची तारीख शिल्लक होती त्या मला गरिबांना वाटून टाकाव्यात असं वाटत होतं. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले. बंद खोलीत, पंचेचाळीस अंशांत पडून राहिलेल्या गोळ्यांचा भरवसा तारखेवर धरता येत नाही, पाकिटावर पंचवीस अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं ते उगाच नाही. तेही सगळं पिवळ्या पिशवीत गेलं. जीव तुटला.

पाऱ्याचं बीपीचं यंत्र मात्र कुठल्याच पिशवीत बसेना. जाळलं तर पाऱ्याची वाफ होते, फुटलं तर फरशीच्या फटीत जाऊन बसतो. ते अजून अचूक चालत होतं. बाईंनीच मागून घेतलं. त्यांचं बॅटरीवरचं यंत्र अधूनमधून खोटं बोलतं, ते तपासायला जुनं पाऱ्याचं हवं म्हणाल्या. काचेच्या सिरिंज, त्या उकळायचं स्टीलचं भांडं, मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाच्या खुणा करायला कापून ठेवलेल्या कागदी पट्ट्यांचं बंडल, ह्याला कोणी विचारलं नाही. पट्ट्या काकांनी घरी नेल्या. कशाला, ते मी विचारलं नाही.

कागदात मला हात घालता आला. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडून पत्र पाठवलं, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी होतं. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट गोळा करावे लागतात. आबा पंच्याऐंशीव्या वर्षीही आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, व्याख्यानांना पहिल्या रांगेत बसून, मधुमेहाच्या नव्या औषधांवर प्रश्न विचारून ते गोळा करत होते. प्रमाणपत्रांची फाइल त्यांच्या लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड निघाली. आजीनं ती हातात धरून वजन पाहिलं आणि परत दिली.

लेटरहेडचे कोरे पॅड मी मशीनमध्ये घालून त्यांच्या पट्ट्या केल्या आणि रबरी शिक्का सुरीनं कापला. हे घाईनं केलं, कारण तिसऱ्याच दिवशी एक गृहस्थ मेडिकल सर्टिफिकेट मागायला आले होते. “तारीख मागची टाका ना मॅडम, साहेबांचा शिक्का तर आहेच.” नोंदणी क्रमांक असलेला कोरा कागद चुकीच्या हातात गेला तर झोपेच्या गोळ्यांपासून रजेपर्यंत काय वाटेल ते मिळतं.

उधारीची वही निघेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. निघाली नाही, कारण आबा उधारी लिहीतच नसत. लोक ह्याला मोठेपणा म्हणतात. बाबा म्हणत नाहीत. त्यांच्या इंजिनीअरिंगची फी भरायला आजीच्या बांगड्या गेल्या होत्या, आणि त्याच महिन्यात आबांनी कोणाच्या तरी सिझेरियनचे पैसे भरले होते. हे बाबांनी मला पहिल्यांदाच सांगितलं, ते दवाखान्याच्या पलंगावर बसून.

खरं काम होतं कार्डांचं. पत्र्याच्या पेट्या, बिस्किटांचे डबे, बुटांची खोकी. रचना नावाच्या अक्षरांप्रमाणे नव्हती, गल्लीप्रमाणे होती. एका घराची सगळी कार्डं एका रबरात, वर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं. पुरुष कामाला जातात, बाई सांगते कोणाला काय झालं, म्हणून तिचं वर. भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं सांभाळायचे असा डॉक्टरांसाठीच्या २००२च्या नियमावलीत दंडक आहे, पण आबांकडे कोणी भरती होत नसे. तेव्हा नुसतं दाखवून जाणाऱ्यांची ही चाळीस-चाळीस वर्षांची कार्डं जाळली असती तरी कोणी विचारलं नसतं. डॉक्टरीणबाईंनी एक पेटी उघडली आणि म्हणाल्या, “हे जाळायचं नाही. पण तुम्ही वाचायचंही नाही.” बरोबरच होतं. मग रविवारी सकाळी काका आणि बाई बसायचे, मी दारात टोकन आणि चहा. ज्याचं कार्ड त्याच्या हातात, सही घेऊन.

एक बाई आल्या, जरीकाठाचं लुगडं, आवाज मोठा. “मले सुनेचं कार्ड पाह्यजे. दुसऱ्या डॉक्टरले दाखवाचं हाये.”

काका म्हणाले, “बाई, जिचं कार्ड तिलेच भेटन.”

“काहून जी? मी का परकी हाओ? तीस वर्षं येऊन राहिली मी इथं!”

“तुमचं कार्ड तुमाले देतो ना. बसा, चहा घ्या.”

सून दुसऱ्या दिवशी एकटीच आली, कार्ड ब्लाउजमध्ये खोचून घेऊन गेली. त्यात काय होतं मला माहीत नाही.

सिकलसेलच्या घरांचं मात्र मला थोडं कळलं, कारण ते समजावून सांगायला बाईंना वेळ लागायचा आणि मी ऐकत असायचे. आमच्या विदर्भात हा रक्ताचा आजार पुष्कळ. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यावर १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. आबा तेव्हा विद्यार्थी होते आणि हा विषय त्यांच्या डोक्यात बसला तो कायमचा. नुसता वाहक म्हणजे ‘एएस’ असलेल्याला बहुधा काही त्रास नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता ‘एसएस’ मुलाची, म्हणजे ज्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, थंडीत आणि पाणी कमी पडलं की रात्र रात्र रडणं. रोज फॉलिक अॅसिड, भरपूर पाणी, लशी वेळेवर आणि गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया हे औषध. आबांनी अशा घरांचे वंशवृक्षच काढले होते: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वाहक असेल तर अर्धा काळा, आजारी असेल तर पूर्ण. एका पेटीत तीन पिढ्यांचे चौकोन नि गोल.

हे वृक्ष द्यायचे कोणाला? एका कागदावर अठरा माणसांची गुपितं. शेवटी बाईंनी प्रत्येकाच्या कार्डावर त्याच्यापुरतं उतरवून दिलं आणि मूळ कागद कुलपात ठेवले.

एका रविवारी एक पोरगा आला, चोवीस-पंचवीसचा, लग्न ठरलेलं. कार्डावर आबांच्या अक्षरात: एएस. खाली, आईला सांगितले. त्याखाली, १८ झाल्यावर स्वतः सांगणे. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. आईनं लपवलं हे एक वेळ समजू शकते. पोरगा अठराचा झाला तेव्हा आबा कसे विसरले? पुढच्या कोणाकडे ही आठवण नव्हती, काकांकडेही नाही. आबांची सगळी माणसं आबांच्या डोक्यात होती आणि एवढं सगळं एकाच डोक्यात ठेवणं ही भक्ती असली तरी त्यात धोका होता, असं माझं मत झालं. आजीसमोर मी ते बोलत नाही. बाईंनी त्या पोराला नीट समजावलं, मुलीचीही तपासणी करा म्हणाल्या, लग्न मोडा असं म्हणाल्या नाहीत. तो हो म्हणाला, पण कार्ड टेबलावरच ठेवून गेला. काकांनी संध्याकाळी घरी नेऊन दिलं, त्याच्याच हातात.

सगळ्या पेट्या उपसल्यावर लक्षात आलं की आमच्या घराचं कार्ड नाही. ना आजीचं, ना बाबांचं, ना माझं. आम्हाला आबा औषधही कमीच द्यायचे. ताप आला की “तीन दिवस वाट पाहू” म्हणून नाडी मोजायला मलाच घड्याळ द्यायचे. आजीला कुठल्याशा गोळीनं अंगभर पुरळ आलं होतं, ती सल्फाची होती की दुसरी कुठली, ते फक्त त्यांना ठाऊक. बाबांच्या लहानपणी हृदयात आवाज ऐकू आला होता म्हणे, पुढे काय झालं कोणी सांगेना. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एका ओळीत बसवून पहिल्यापासून कार्डं काढली, रक्तदाब, साखर, ईसीजी. आजीचं बीपी १७० निघालं. “पाहिलंच नव्हतं का कधी?” बाईंनी विचारलं. आजी म्हणाली, “त्यांना वेळ कुठं होता!” आणि हसली. तिच्या पुरळाचं कोडं सुटलं नाही, म्हणून कार्डावर लाल शाईनं लिहिलंय: सल्फा नको.

खोली मालकाला पोळ्याच्या आधी परत दिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते तेव्हा आबा दरवर्षी दारात खुर्ची टाकून बसायचे. “खोकला-पडसं घेऊन जा गे मारबत!” असं पोट्टे ओरडले की म्हणायचे, सगळंच नको नेऊ बाई, मले बी पोट हाये. यंदा तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान लागलंय.

न नेलेली कार्डं बाईंच्या दवाखान्यात एका कपाटात आहेत. काका संध्याकाळी तिथे जाऊन बसतात, पगार घेत नाहीत, भांडतात मात्र रोज, कारण बाई मिक्श्चर देत नाहीत. आणि लोकांकडे आबांच्या घरचा नंबर अजून आहे. फोन आजी उचलते. परवा रात्री अकराला कोणाचं तरी पोरगं ओकत होतं. आजीनं विचारलं, लघवी केव्हा झाली, रडताना डोळ्यात पाणी आहे का, ओआरएसचं पाकीट घरात आहे का. चमच्या-चमच्यानं पाजा, सकाळी मॅडमकडे न्या.

“आणि हो,” ती म्हणाली, “तुमच्या घरचं कार्ड अजून पडूनच आहे म्हणतात तिथं. ते आधी घ्या.”